तक्रार कोठे करावी? : प्राध्यापकांचे गैरवर्तन आणि विद्यार्थ्यांपुढील कायदेशीर मार्ग

(मंडळाच्या मुलुंड येथील वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्काराच्या या मंगल प्रसंगी आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, याबद्दल कार्यकारी मंडळाचे आम्ही ऋणी आहोत. विषय मात्र मंगल नाही. ज्या मुलामुलींच्या हाती आज आपण पारितोषिके दिली, ती उद्या अंधेरी, घाटकोपर, बोरिवली येथील महाविद्यालयांत जातील. तेथे त्यांस बहुतांशी सज्जन गुरुजन भेटतील. आपल्या ज्ञातीतही शिक्षक-प्राध्यापकांची संख्या लहान नाही, आणि त्यांच्या निष्ठेविषयी आमच्या मनात नितांत आदर आहे. परंतु एखादा प्राध्यापक आपल्या अधिकाराचा दुरुपयोग करणारा निघाला, तर विद्यार्थ्याने काय करावे, हे मात्र आपण घरी कधी सांगत नाही. ते आज सांगावे, असा आमचा हेतू आहे.

हा विषय निवडण्यास एक कारण घडले. ते प्रथम कबूल करणे आमचे कर्तव्य आहे. काही वर्षांपूर्वी एका रविवारी सकाळी उपनगरातील आपल्यापैकीच एक गृहस्थ आमच्या घरी आले. त्यांची कन्या द्वितीय वर्षात होती. अंतर्गत गुण ज्यांच्या हाती होते असे एक प्राध्यापक तिला तास संपल्यावर एकटीला विभागात बोलावीत, रात्री अपरात्री मोबाईलवर संदेश धाडीत, आणि उत्तर न दिल्यास वर्गात सर्वांदेखत पाणउतारा करीत. आम्ही तीन वडीलधारे बसलो. आमच्यांत एक वकील, म्हणजे आम्ही स्वतः! तासभर विचारविनिमय करून आम्ही सल्ला दिला तो असा : मुलीचे लग्न व्हावयाचे आहे, नाव निघेल, एवढे वर्ष कसेबसे पदरात पाडून घ्यावे. गृहस्थ हात जोडून गेले. मुलीने महिन्याभरात महाविद्यालय सोडले आणि पुढे बाहेरून परीक्षा दिली. दोन वर्षांनी त्याच प्राध्यापकांविषयी दुसऱ्या एका मुलीची तशीच कहाणी आमच्या कानी आली. तोपर्यंत पहिल्या मुलीची तक्रार देण्याची मुदत केव्हाच टळून गेली होती आणि महाविद्यालयाच्या दप्तरी त्या गृहस्थांविरुद्ध एक ओळही नव्हती. ती ओळ आम्हीच लिहू दिली नव्हती.

ती मुलगी आज नोकरी करते. तिच्या संमतीनेच आणि ओळख पटू नये अशा बेताने आम्ही हे सांगत आहोत. मध्यंतरी भेटली तेव्हा ती एवढेच म्हणाली, ‘‘काका, त्या वेळी मला शिक्षा वगैरे काही नको होती. कोणीतरी माझे म्हणणे लिहून घ्यायला हवे होते.’’ या एका वाक्यात आजच्या व्याख्यानाचे सार आहे. तेव्हा लिहून घेण्याची ठिकाणे कोणती, त्यांच्या मुदती कोणत्या आणि तेथे काय घडते, हे आता क्रमाने पाहू.

प्रथम गैरवर्तन कशास म्हणावे, याचा विवेक हवा. प्राध्यापक कडक आहेत, प्रश्नपत्रिका अवघड काढतात, अपेक्षेपेक्षा कमी गुण देतात, एवढ्याने गैरवर्तन होत नाही. गुणांत लबाडी करणे, पैसे मागणे, जातीवरून वा भाषेवरून हिणवणे, स्वतःच्या खासगी शिकवणीस येण्याची सक्ती करणे आणि शरीरसुखाची अपेक्षा शब्दाने, स्पर्शाने वा सूचनेने व्यक्त करणे, ही गैरवर्तने होत. यांचे दरवाजे निरनिराळे आहेत. चुकीच्या दरवाज्यावर थाप मारण्यात बहुतेकांचा काळ आणि धीर दोन्ही संपतात, म्हणून हा भेद ध्यानी धरावा.

गुणांच्या लबाडीपासून आरंभ करू. अशा लबाडीविरुद्ध एका परीक्षार्थीचे म्हणणे न्यायालय ऐकते काय, या प्रश्नास मुंबईनेच मोठे उत्तर दिले आहे. १९८५ साली मुंबई विद्यापीठाची स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र या विषयाची एम्. डी. परीक्षा झाली. त्याच परीक्षेस बसलेल्या एका डॉक्टराने उच्च न्यायालयात रिट अर्ज दाखल केला, आणि तत्कालीन मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकर यांच्या कन्येस उत्तीर्ण करण्यासाठी गुणांत फेरफार झाला, असा आरोप केला. बोट होते ते परीक्षेशी संबंधित एका ज्येष्ठ प्राध्यापकाकडे. गुणपत्रकात फेरफार झाला असा निष्कर्ष उच्च न्यायालयाने काढला, आणि मार्च १९८६ मध्ये मुख्यमंत्र्यांस पदत्याग करावा लागला. न्यायास धरून हेही सांगितले पाहिजे, की मुख्यमंत्र्यांनीच ते करविले असा थेट निष्कर्ष अपिलात टिकला नाही. तथापि त्यांच्याविषयीचे प्रतिकूल ताशेरे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८६ मध्ये कायम राहू दिले. एकीकडे राज्याचा मुख्यमंत्री, दुसरीकडे एक परीक्षार्थी. आणि मध्ये पुरावा कोणता, तर गुणांचा कागद! कागदाचे सामर्थ्य ओळखावयाचे असेल तर हे प्रकरण नित्य स्मरणात ठेवावे.

आज तर तो कागद मिळविणे पुष्कळच सुलभ झाले आहे. मुंबई विद्यापीठात विहित शुल्क भरून उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागता येते आणि पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो. त्याची मुदत निकालानंतर थोड्याच दिवसांची असते, म्हणून निकालपत्रासोबतची सूचना त्याच दिवशी वाचावी. शिवाय परीक्षार्थीची स्वतःची उत्तरपत्रिका ही माहितीच्या अधिकाराखाली पाहता येण्याजोगी माहिती आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये दिला आहे. कित्येक पालक अशा वेळी ग्राहक न्यायालयाची वाट धरतात. परंतु परीक्षा घेणारे विद्यापीठ हे त्या कायद्याच्या अर्थाने सेवा विकणारे नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली म्हटले आहे. तो हेलपाटा वाचवावा.

प्राध्यापकाने गुणांसाठी वा उपस्थितीसाठी पैसे मागितले, तर तो केवळ महाविद्यालयाचा घरगुती मामला राहत नाही. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमात विद्यापीठाचे अध्यापक आणि परीक्षक यांची गणना स्पष्ट शब्दांत लोकसेवकांत केलेली आहे. अशा वेळी लाचलुचपत प्रतिबंधक विभागास १०६४ या क्रमांकावर कळवावे. येथे एक सावधगिरी हवी : २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. त्यातून सुटका होते ती ज्याला लाच देणे भाग पडले आणि ज्याने सात दिवसांच्या आत ते अधिकाऱ्यांस कळविले त्याचीच. म्हणून ‘आधी देऊन टाकू, मग पाहू’ हे धोरण सर्वस्वी घातक होय.

पक्षपात, मानहानी, भेदभाव, कागदपत्रे अडवून ठेवणे, निकाल वा मूल्यमापन यांतील अपारदर्शकता, या तक्रारींसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ साली विद्यार्थ्यांच्या तक्रारनिवारणाचे विनियम केले. त्यांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावयास हवी. तिने तक्रारीवर पंधरा कामकाजाच्या दिवसांत आपला अहवाल द्यावयाचा आहे. समाधान न झाल्यास पुढील पंधरा दिवसांत विद्यापीठाने नेमलेल्या लोकपालाकडे अपील करता येते. हे लोकपाल म्हणजे निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक वा माजी जिल्हा न्यायाधीश असतात. केवळ ‘गुण कमी दिले’ एवढे म्हणून तेथे भागत नाही. निकालावर परिणाम करणारी निश्चित अनियमितता दाखवावी लागते.

आता सर्वांत कठीण विषयाकडे वळू. माताभगिनींनी संकोच न धरता ऐकावे. कारण संकोच हेच या गैरवर्तनाचे कवच आहे.

१९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने विशाखा प्रकरणात लैंगिक छळाविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. २०१३ साली संसदेने कायदा केला. त्यात शिक्षणसंस्थांचा समावेश आहे, आणि तक्रारदार स्त्री तेथे नोकरीस असलीच पाहिजे अशी अट नाही; म्हणजे विद्यार्थिनीही तक्रार करू शकते. उच्च शिक्षणसंस्थांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने आणखी सविस्तर विनियम केले, ते २०१५ चे विनियम म्हणून ओळखले जातात आणि २०१६ पासून अमलात आहेत. मुलगेही या छळास बळी पडतात याची दखल त्या विनियमांनी घेतली आहे. ‘पोराला कसला त्रास’ असे म्हणणाऱ्या पित्यांनी हे लक्षात घ्यावे.

या विनियमांनुसार प्रत्येक महाविद्यालयात अंतर्गत तक्रार समिती असली पाहिजे. तिच्या अध्यक्षस्थानी वरिष्ठ महिला अध्यापक असतात. अध्यापक व शिक्षकेतर कर्मचारी यांच्याबरोबर बाहेरील एक सदस्य असतो, आणि प्रकरण विद्यार्थ्यांचे असल्यास तीन विद्यार्थी प्रतिनिधीही बसतात. प्राचार्य, कुलसचिव, विभागप्रमुख यांस या समितीवर बसता येत नाही. ही तरतूद मोठ्या शहाणपणाची आहे. ज्यांच्या हाती बढती आणि बदली, त्यांच्या हाती न्याय देऊ नये, असे तिचे मर्म आहे.

तक्रार लेखी हवी, आणि घटनेपासून तीन महिन्यांच्या आत हवी. प्रकार वारंवार घडला असल्यास शेवटच्या घटनेपासून मोजावे. सबळ कारण असल्यास समिती आणखी तीन महिने देऊ शकते. मुलीस लिहिता येत नसेल तर लिहून घेण्यास साहाय्य करणे समितीचेच काम आहे. ती शरीराने वा मनाने असमर्थ असेल तर तिच्या वतीने नातलग, मैत्रीण वा सहाध्यायी तक्रार देऊ शकतात. समितीने सात दिवसांत प्रतिपक्षास प्रत द्यावी, त्याने दहा दिवसांत उत्तर द्यावे, नव्वद दिवसांत चौकशी संपवावी, पुढील दहा दिवसांत अहवाल द्यावा आणि संस्थेने तीस दिवसांत कारवाई करावी, असे वेळापत्रक आहे. निर्णयाविरुद्ध तीस दिवसांत अपील आहे.

पालकांची मोठी भीती असते ती निराळीच : ‘चौकशी चालू असताना तेच प्राध्यापक हिचे पेपर तपासतील, मग काय?’ या भीतीचे उत्तर विनियमांतच आहे. चौकशी होईपर्यंत त्या प्राध्यापकास तक्रारदार विद्यार्थिनीच्या कामाचे, चाचणीचे वा परीक्षेचे मूल्यमापन करण्यास मनाई करता येते. त्याने अंतर राखावे असे बजावता येते. तिची तुकडी बदलता येते. आणि तिला तीन महिन्यांपर्यंत रजा देता येते. परंतु हे संरक्षण आपोआप चालून येत नाही. तक्रारीच्या अर्जातच ते मागावे. तसेच प्रकरणातील नावे व मजकूर गुप्त राखण्याचे बंधन कायद्यानेच घातले आहे. आणि तक्रार सिद्ध झाली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही, हेही कायदा स्पष्ट सांगतो.

महाविद्यालयाने समितीच नेमली नसेल तर संस्थेस पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. तक्रार प्रत्यक्ष संस्थेच्या मालकाविरुद्धच असेल तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे न्यावी. आपल्या उपनगर जिल्ह्याचे मुख्यालय वांद्रे पूर्व येथे आहे, तेथील जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी करावी.

समितीचा मार्ग आणि पोलिसांचा मार्ग हे एकमेकांस छेद देत नाहीत. दोन्ही एकाच वेळी अवलंबिता येतात. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे. तिच्या कलम ७४, ७५, ७८ आणि ७९ यांत विनयभंग, लैंगिक छळ, पाठलाग आणि अश्लील शब्द वा हावभाव यांस शिक्षा सांगितल्या आहेत. खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. ‘आमची हद्द नाही’ हे उत्तर आता चालत नाही. अशा गुन्ह्यात स्त्रीचे म्हणणे महिला अधिकाऱ्याने नोंदवावयाचे असते, आणि नोंदीची प्रत विनामूल्य मिळते. ठाण्यात दाद लागली नाही तर वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांस लेखी कळवावे, आणि तेथेही न लागल्यास दंडाधिकाऱ्यांपुढे अर्ज करावा. वकिलाच्या खर्चाची चिंता नको : १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमान्वये स्त्रियांस, उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेविषयक साहाय्य मिळते.

अकरावी-बारावीची मुलेमुलीही महाविद्यालयाच्याच इमारतीत शिकतात, आणि त्यांपैकी बहुतेक अठरा वर्षांच्या आतील असतात. त्यांस २०१२ चा बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा लागू आहे. त्यात ‘तिची संमती होती’ हा बचाव नाही, शिक्षणसंस्थेतील व्यक्तीचा अपराध अधिक गंभीर मानला आहे, आणि ज्याला अपराध कळला त्याने तो पोलिसांस न कळविणे हाही गुन्हा आहे. म्हणजे अशा प्रकरणात कोणी वडीलधारे ‘गप्प बसा’ म्हणून सल्ला देऊन स्वतःही गप्प बसतील, तर त्यांस कायद्यापुढे जाब द्यावा लागेल.

आता कोणी म्हणेल, एवढे कायदे आहेत तर मग सारे ठीकच आहे. तसे नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्याच अधिकारकक्षेतील गोव्याचे उदाहरण पाहावे. मार्च २००९ मध्ये गोवा विद्यापीठातील विद्यार्थिनींनी राज्यशास्त्र विभागाच्या प्रमुखांविरुद्ध तक्रार केली. समितीने चौकशी केली, पण शेवटच्या टप्प्यात बैठकांमागून बैठका घेऊन एकोणचाळीस दिवसांत काम उरकले. प्रतिपक्षास बचावाची पुरेशी संधी दिली नाही. जानेवारी २०१० मध्ये त्या प्राध्यापकांस सेवेतून काढण्यात आले. मार्च २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने ते कायम केले. परंतु १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही बडतर्फी रद्द केली आणि चौकशी मे २००९ मध्ये जेथे होती तेथून पुन्हा करावी, असा आदेश दिला. चौदा वर्षे! तक्रार खरी की खोटी, याचा निवाडा त्या दिवशी झालाच नाही. फसली ती पद्धत. त्याच निकालात देशभर समित्या नीट नेमाव्यात म्हणून न्यायालयाने निर्देश दिले, हे खरे. पण त्या विद्यार्थिनींच्या तारुण्याची चौदा वर्षे कोणता निर्देश परत देणार?

यातून आम्ही हा बोध घेतो : आरोपीस त्याचे म्हणणे मांडण्याची पूर्ण संधी मिळणे हे तक्रारदार मुलीच्याच हिताचे आहे. समितीने साक्षीदार तपासले काय, प्रतिपक्षास कागद दिले काय, प्रत्येक बैठकीची टिपणे ठेवली काय, हे मुलीच्या पालकांनीही नम्रपणे विचारावे. घाईने मिळालेला न्याय अपिलात गळून पडतो.

आणि विलंबाने काय होते, तेही विसरू नये. जुलै २०२५ मध्ये ओडिशातील बालासोर येथे एका विद्यार्थिनीने विभागप्रमुखांविरुद्ध लेखी तक्रार केली होती. आपले कोणी ऐकत नाही या निराशेने तिने महाविद्यालयाच्या आवारातच स्वतःस पेटवून घेतले आणि दोन दिवसांनी तिचा अंत झाला. तिने लिहून दिले होते. वाचणारे जागे नव्हते. म्हणून तक्रार देऊन झाले की पालकांचे काम संपले, असे नाही. तेव्हाच ते सुरू होते. मुलीचे जेवण, झोप, बोलणे यांकडे लक्ष द्यावे. तिला एकटी पडू देऊ नये. मन फार खचले असेल तर १४४१६ हा सरकारचा मानसिक आरोग्य साहाय्य क्रमांक आहे; तातडीच्या संकटात ११२ आहे.

व्यवहाराच्या चार गोष्टी सांगून आटोपते घेतो. घडलेला प्रसंग त्याच दिवशी तारीख, वेळ, स्थळ यांसह वहीत लिहून ठेवावा. मोबाईलवरील संदेश रागाने पुसून टाकू नयेत आणि तो मोबाईलही विकू नये. मूळ यंत्राचे महत्त्व न्यायालयात फार असते. विश्वासातील एका मैत्रिणीस किंवा बहिणीस तत्काळ सांगावे, म्हणजे पुढे साक्ष राहते. अर्ज तोंडी न करता लेखी करावा, प्रतीवर पोच घ्यावी, आणि पोच देण्यास नकार दिल्यास तो टपालाने व ई-मेलने पाठवावा. ‘लिहू नका, आपण समजुतीने मिटवू’ असे जो म्हणेल त्यास, तो कितीही मोठा असो, नम्रपणे नकार द्यावा. पैशाच्या देवघेवीवर समेट करण्यास तर कायद्यानेच मनाई आहे.

शेवटी मंडळास एक विनंती. आपण विवाहेच्छूंची यादी छापतो, शिष्यवृत्त्या देतो, वधूवर मेळावे भरवितो. आपल्या भगिनींपैकी दोघी आणि एक वकील यांनी महिन्यातून एक रविवार मंडळाच्या कार्यालयात बसावे, आणि जो विद्यार्थी वा विद्यार्थिनी येईल तिचे म्हणणे शांतपणे लिहून घ्यावे. निवाडा करू नये. तो आपला अधिकार नव्हे. फक्त लिहून घ्यावे, मुदत मोजावी आणि योग्य दरवाज्यापर्यंत सोबत जावे. वकिलाची जागा भरण्यास आम्ही तयार आहोत. ज्या रविवारी आम्ही चुकीचा सल्ला दिला, त्या रविवारची भरपाई होणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु मुलीचे नाव तक्रारीने जात नाही. ज्यांनी तिचा हात धरावयाचा त्यांच्या मौनाने तिचे वर्ष जाते, उमेद जाते, आणि पुढच्या मुलीचे रक्षणही जाते. हे आम्ही उशिरा शिकलो. आपणांस ते वेळेवर कळावे, एवढ्यासाठीच हा प्रपंच.